हरवलेले तास घेऊन कुठल्या दारात जायचं? डिसोसिएटिव्ह विकारावर थेरपी शोधण्याचा क्रम

माझ्या ओळखीतली जी जी घरं या आजारातून गेली, त्या सगळ्यांच्या फायली जाड आहेत. दोन सीटी स्कॅन, एक एमआरआय, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या फिटच्या गोळ्या, मध्येच कुठंतरी चिकटलेली अंगाऱ्याची पुडी. शेवटच्या पानावर कुणीतरी घाईत लिहिलेलं असतं, ‘रेफर टू सायकियाट्री’. तिथं फाईल संपते. माझ्या भाचीची फाईलही अशीच होती. त्या पानापर्यंत पोचायला आमची दोन वर्षं गेली आणि पुढचे आठ महिने चुकीच्या माणसासमोर बसण्यात गेले. पैसाही होता, दवाखानेही होते, क्रम तेवढा चुकला. तोच क्रम इथं मांडते.

हे कुणाच्या कामाचं आहे? ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कुणाला यातलं काही वारंवार होतंय त्यांच्या. दातखीळ बसते, हातपाय ताठ होतात, पण तपासण्या नॉर्मल येतात. मधले तास, कधी अख्खा दिवस आठवत नाही. आपण अंगाबाहेर उभं राहून स्वतःकडे बघतोय असं वाटतं, किंवा आजूबाजूचं सगळं खोटं, काचेपलीकडचं वाटतं. एकाएकी वाचा जाते, पाय लुळे पडतात. किंवा आवाज आणि वागणं बदलून दुसरंच कुणी बोलायला लागतं. डॉक्टर या सगळ्या प्रकारांना मिळून डिसोसिएटिव्ह डिसऑर्डर म्हणतात. जुन्या चिठ्ठ्यांवर ‘हिस्टेरिया’, ‘कन्व्हर्जन’, ‘स्यूडोसीझर’ असे शब्द सापडतील. हे सोंग नसतं. झेपेनासं झालं की मन आठवण, जाणीव आणि शरीराचा ताबा यांची गाठ सैल सोडतं, एवढं समजलं तरी पुढचं काम सुरू करता येतं.

## टप्पा १. कुठंही जाण्याआधी पंधरा दिवसांची वही

चाळीस पानी वही पुरते. प्रत्येक प्रसंगाच्या पाच गोष्टी लिहायच्या: तारीख आणि वेळ, आधीच्या तासाभरात काय चाललं होतं, नेमकं काय झालं, घड्याळात किती मिनिटं, आणि भानावर आल्यावर काय आठवत नव्हतं. निष्कर्ष लिहायचा नाही. ‘टेन्शन घेतलं’ किंवा ‘नाटक केलं’ हा निष्कर्ष झाला. भाचीच्या वहीतली एक नोंद तिला विचारून देते:

‘मंगळवार, संध्याकाळी ७. दळण आणून ठेवलं. गल्लीत फटफटीचा हॉर्न वाजला. डोळे घट्ट मिटले, दातखीळ. हात थरथर, मान इकडून तिकडं. २२ मिनिटं. मध्ये दोनदा थांबलं, परत सुरू. जीभ चावली नाही. उठल्यावर रडली. दळण कुणी आणलं म्हणून विचारत होती.’

पंधरा दिवसांत सात नोंदी झाल्या. त्यातल्या चारांत हॉर्न होता. दोन वर्षं त्याच घरात राहून आम्हाला तो कधी ऐकू आला नव्हता.

वहीसोबत मोबाइलवर एक-दोन व्हिडिओ काढा. न्यूरोलॉजिस्ट (मेंदू आणि नसांचा डॉक्टर) असो की मानसोपचारतज्ज्ञ, तोंडी वर्णनापेक्षा त्यांना दीड मिनिटाचा व्हिडिओ जास्त सांगून जातो. पूर्ण शरीर दिसू द्या, मग चेहरा जवळून घ्या. डोळे उघडे की मिटलेले हे दिसलं पाहिजे. भानावर आल्यावर त्या माणसाला सांगा की व्हिडिओ काढलाय, फक्त डॉक्टरला दाखवणार आहे. आणि तो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एका घरात असा व्हिडिओ सोयरिकीच्या बोलण्यात पाहुण्यांच्या मोबाइलवर निघाला. त्यानंतर त्या मुलीनं दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही.

जपून: झटका आलेला असताना कांदा किंवा चप्पल हुंगवणं, दातांत चमचा घालणं, तोंडावर पाणी मारणं, भानावर आणायला चिमटे काढणं, सगळं बंद. दातखीळ आपोआप सुटते. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, जवळची चूल, विळी, पाण्याची टाकी यांच्यापासून लांब करा, घड्याळ बघा.

हेही जपून: दुसरंच कुणी बोलत असेल तर ‘तू कोण? कुठून आलीस? काय पाहिजे?’ असे प्रश्न घरच्यांनी विचारू नयेत. देवऋषी विचारतो म्हणून आपणही विचारतो, आणि प्रत्येक प्रश्नागणिक ती अवस्था घट्ट होत जाते. माणसाच्या रोजच्या नावानं हाक मारा, आज कुठला वार आहे ते सांगा, बस.

## टप्पा २. शरीराची तपासणी, पण एकदाच

हा टप्पा गाळता येत नाही. खऱ्या मिरगीत, रक्तातली साखर कमी झाल्यावर, थायरॉइडच्या बिघाडात, बी-१२ च्या कमतरतेत, डोक्याच्या जुन्या मारात आणि दारू-गांजातही यातली काही लक्षणं दिसतात. फिजिशियनकडून रक्ताच्या तपासण्या, आणि झटके असतील तर न्यूरोलॉजिस्टचा सल्ला व ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), एवढं व्हायला हवं.

दोन गोष्टी बहुतेक जण चुकीच्या समजतात. झटका नसताना काढलेला ईईजी नॉर्मल आला म्हणजे मिरगी नाही असं ठरत नाही. शंका राहिली तर व्हिडिओ ईईजी करतात, म्हणजे झटका येतानाच मेंदूची नोंद आणि चित्रण दोन्ही एकत्र घेतात. ती सोय मोठ्या शहरातच मिळते. दुसरं, एकाच माणसाला मिरगी आणि डिसोसिएटिव्ह झटके दोन्ही असू शकतात. म्हणून ‘हे मानसिक आहे’ असं कुणी म्हटल्याबरोबर फिटच्या गोळ्या घरच्या घरी बंद करू नका. त्या एकदम सोडल्या की खरे झटके येण्याचा धोका असतो. कमी करायच्या त्या डॉक्टरनं, हळूहळू.

तपासण्या झाल्यावर थांबायचं. शेजारच्या काकांनी हैदराबादचं नाव सुचवलं म्हणून चौथा एमआरआय करायचा नाही.

ताबडतोब १०८ बोलवा: झटका पाच मिनिटांत थांबत नसेल आणि मिरगीची शंका दूर झालेली नसेल, ताप किंवा डोक्याला मार असेल, बाई गरोदर असेल, एकाच बाजूचा हात-पाय-चेहरा लुळा पडला असेल, किंवा श्वास अडत असेल.

## टप्पा ३. निदान मानसोपचार ओपीडीत होतं

इथं लोक एक पायरी उडी मारतात. थेट ‘काउन्सेलर’ गाठतात, कारण ‘वेड्याच्या डॉक्टर’कडे जायची लाज वाटते. पण निदानाशिवाय सुरू केलेलं समुपदेशन म्हणजे खोली न बघता खोदलेली विहीर. आधी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर.

मराठवाड्यात जायचं कुठं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी चालते. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत पथकाचे ठरलेले वार असतात. तो वार फोन करून विचारा, नाहीतर एसटीचं भाडं वाया जातं. वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथं मानसोपचार विभाग असतोच: छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख. शक्य असेल तर मी महाविद्यालयच सुचवते, कारण न्यूरोलॉजिस्ट किंवा मेडिसिन विभागाचं मत त्याच आवारात मिळतं आणि तरुण निवासी डॉक्टर सविस्तर इतिहास लिहून घेतात. येरवडा किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यावं लागेल या भीतीनं घरं अडून बसतात. या विकारात बहुतेकांना भरतीचीही गरज पडत नाही.

काहीच सुचत नसेल तर १४४१६ लावा. ही टेलिमानस, सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीत. जवळची ओपीडी कुठं आहे ते तिथं सांगतात, आणि आत्ता या क्षणी फार वाईट वाटत असेल तर बोलतातही.

ओपीडीत तुम्हाला पाच-दहा मिनिटं मिळतील हे धरून चला. एकदा बाकावर शेजारी बसलेल्या माउलीचा नंबर आला. डॉक्टरनं ‘काय त्रास?’ विचारल्यावर तिनं सुरुवात केली ती लेकीच्या लग्नापासून. मांडव, मानपान, सासूचा स्वभाव, मग जावयाची नोकरी. झटक्यांपर्यंत पोचेस्तोवर मागचे चार जण दारात येऊन उभे. ‘साहेब, लेकराला बाहेरचं हाय म्हनतेत, खरं हाय का?’ एवढंच तिला शेवटी विचारता आलं. डॉक्टरनं मान हलवली आणि गोळ्या लिहिल्या. दोघांचीही चूक म्हणता येत नाही, पण खेप वाया गेली.

म्हणून पहिली चार वाक्यं पाठ करून जा. किती दिवसांपासून. आठवड्यातून किती वेळा. सगळ्यात जास्त त्रासाची गोष्ट कोणती (झटका, विसरणं की परकं वाटणं). आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत. मग वही पुढं करा आणि व्हिडिओ दाखवा. नंतर म्हणा, ‘हिला तुमच्याशी एकटीला बोलायचंय,’ आणि खरोखर बाहेर या.

आवाज ऐकू येतात असं सांगायचं असेल तर नीट सांगा: डोक्याच्या आत की बाहेरून, ओळखीचा आवाज की अनोळखी, तेवढा वेळ आठवतो की नाही. डिसोसिएशनमध्येही आवाज ऐकू येतात आणि स्किझोफ्रेनियातही. घाईच्या ओपीडीत दोन्हीची सरमिसळ होऊ शकते, आणि उपचार वेगळे असतात.

निघताना निदान लिहून मागा. चिठ्ठीवर ‘एफ ४४’ असेल तर तो डिसोसिएटिव्ह विकारांचा जुना सांकेतिक क्रमांक, ‘एफ ४८.१’ म्हणजे स्वतः किंवा जग परकं वाटण्याचा प्रकार. नव्या पद्धतीत ‘६बी६०’ ते ‘६बी६६’ असे क्रमांक दिसतील. थेरपिस्ट शोधताना हा कागद लागतो.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. या विकारावरची म्हणून वेगळी गोळी नाही. सोबतची उदासी, भीती, न येणारी झोप यांवर गोळ्या देतात आणि त्या पुष्कळदा लागतातही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र धुकं वाढवतात आणि सवय लावतात.

अंगात येण्याचं काय? तुळजापूरला, येरमाळ्याला, माहूरला एखाद्या बाईच्या अंगात येतं, आरती संपते, ती घरी येऊन भाकरी थापते. याला डॉक्टर आजार म्हणत नाहीत. प्रथेत बसणारी आणि त्रास न देणारी अवस्था विकाराच्या व्याख्येतूनच वगळलेली आहे. नको असताना, कुठंही, पुन्हा पुन्हा येऊन कामधंदा मोडणारी अवस्था आजारात मोडते. देवाला जाण्यावरून घरात भांडू नका, त्यात वर्षं जातात. पण भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि आधीच घाबरलेल्या मनावर तो आणखी एक घाव असतो.

## टप्पा ४. थेरपिस्ट निवडणं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं जरा थांबते.

पाटीवर ‘समुपदेशक’ लिहायला आपल्याकडं परवाना लागत नाही. चार दिवसांच्या कोर्सवरही पाटी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नंबर मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. चांगला माणूस नंबर विचारल्यावर चिडत नाही. आरसीआयचा माणूस जवळपास नसेल तर मानसोपचार विभागातला प्रशिक्षित सायकियाट्रिक सोशल वर्कर किंवा मानसशास्त्रात एमए करून आघातावरच्या उपचाराचं रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती चालते. पण ती मानसोपचारतज्ज्ञाच्या संपर्कात राहून काम करणारी हवी.

‘डिसोसिएटिव्ह स्पेशालिस्ट’ शोधत बसू नका. तशी पाटी तुम्हाला परभणीत सापडणार नाही आणि पुण्यातही क्वचितच. शोधायचा आहे तो ट्रॉमावर, म्हणजे आघातावर, काम करणारा, सावकाश चालणारा आणि आपल्याला काय येत नाही ते कबूल करणारा माणूस. भाचीची आत्ताची थेरपिस्ट पहिल्या फोनवर म्हणाली, ‘मी या प्रकारच्या दोनच केसेस पाहिल्यात. माझे सुपरव्हायजर आहेत, त्यांना विचारत विचारत करीन. चालेल का?’ आधीच्या ठिकाणी आम्हाला ‘शंभर टक्के बरं होईल’ असं सांगितलं होतं.

अपॉइंटमेंट घेण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोला. सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: ‘पहिले दोन-तीन महिने तुम्ही काय करता?’ उत्तरात झोप, दिनक्रम, भानावर यायच्या युक्त्या, घरातली सुरक्षितता, झटक्याआधीच्या खुणा ओळखणं असं काही आलं तर पुढं जा. ‘पहिल्याच सेशनमध्ये मुळाशी जातो, सगळं बाहेर काढतो’ असं आलं तर नम्रपणे फोन ठेवा. दुसरा प्रश्न: ‘सेशन चालू असताना ती ब्लँक झाली तर?’ या प्रश्नावर गडबडणाऱ्याला या कामाची सवय नाही. मग फी, किती मिनिटं (साधारण ४५ ते ५० असतात), खाडा पडला तर पैसे लागतात का, आणि दोन सेशनच्या मधे अडचण आली तर कुणाला फोन करायचा.

काही गोष्टी ऐकल्या की उठून यायचं. संमोहनात नेऊन दडलेल्या आठवणी काढतो, मागच्या जन्मात जातो, तीन बैठकांत गॅरंटी, गोळ्या आजपासून बंद करा, सगळ्या घरादाराला समोर बसवून ‘सत्य’ वदवून घेऊ. संमोहनाच्या नादात सूचनांनी खोट्या आठवणीही तयार होतात आणि मग खरं-खोटं कुणालाच सांगता येत नाही. ईएमडीआर या डोळ्यांच्या हालचालींच्या पद्धतीबद्दल ऐकलं असेल. आघातावर ती चांगली पद्धत आहे. पण डिसोसिएशन असलेल्या माणसावर पुरेशी तयारी न करता वापरली तर त्रास उफाळतो, म्हणून ‘आधी किती तयारी करता?’ हे विचारायचंच.

नेटवर २८ प्रश्नांची एक चाचणी फिरते, तिला डीईएस म्हणतात. ती चाळणी आहे, निदान नाही. आकडा मोठा आला म्हणून घाबरू नका, लहान आला म्हणून दार बंद करू नका.

### अंतर, एसटी आणि ऊसतोड

आठवड्याला एक सेशन म्हणजे महिन्याला चार खेपा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा हिशेब धरा. तरीही रोजंदारी बुडतेच. त्यामुळे पहिल्या चार-पाच बैठका समोरासमोर आणि नंतर एक आड एक ऑनलाइन, असं आधीच ठरवून घ्या.

ऑनलाइनला तीन अटी. दार बंद होणारी खोली. इअरफोन. आणि थेरपिस्टकडे तुमचा पूर्ण पत्ता व त्या वेळी घरात असलेल्या एका विश्वासाच्या माणसाचा नंबर, कारण सेशनमध्ये बोलणं तुटलं तर ते तुम्हाला हलवू शकत नाहीत. दोन खोल्यांच्या घरात बंद दार मिळत नाही हे मलाही माहीत आहे. एक मुलगी शेतातल्या आखाड्यावर जाऊन बोलायची, एक शाळा सुटल्यावर अंगणवाडीताईंच्या खोलीत. रेंज आधी तपासा.

बीड, जालना, परभणी भागातल्या कोयत्यावर जाणाऱ्या घरांसाठी खास सांगते. मुकादमाची उचल घेतलेली असली की दसरा-दिवाळीनंतर निघावंच लागतं, परत येणं होळी-पाडव्याच्या आसपास. थेरपी सुरू करायची ती परत आल्याबरोबर, पाडव्यानंतर. पुढचे पाच-सहा महिने सलग मिळतात आणि स्थिर करण्याचा पहिला भाग त्यात बसतो. श्रावण-भाद्रपदात जुन्या आठवणी उघडायला घेऊ नका. टोळी निघेल आणि जखम उघडीच राहील. थेरपिस्टला ही तारीख पहिल्याच दिवशी सांगा. शहरातल्या थेरपिस्टला ती आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

पुढं जाण्याआधी बघा: लेखी निदान हातात आहे? मानसोपचारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट यांना एकमेकांचा नंबर दिलाय? चालू गोळ्यांची यादी थेरपिस्टकडे आहे? तीनही हो असतील तरच पुढं.

## टप्पा ५. पहिल्या चार बैठका

पहिल्या बैठकीत घरचं माणूस शेवटची दहा मिनिटंच आत यावं, तेही रुग्णानं हो म्हटलं तर. कोण आत येणार हे तिनं ठरवायचं. जिच्या नुसत्या येण्यानं तिचे हात थंड पडतात ती व्यक्ती वडीलधारी आहे म्हणून आत बसवायची नाही.

गुप्ततेबद्दल स्पष्ट विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, नवऱ्यानं किंवा सासऱ्यानं मागितली तरी. अपवादही विचारून घ्या. जिवाला धोका हा एक. दुसरा महत्त्वाचा: रुग्ण अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवावीच लागते. हे आधी माहीत असलं म्हणजे नंतर ‘ताईंनी फसवलं’ असं लेकराला वाटत नाही.

या बैठकांत फार काही ‘निघालं’ नाही म्हणून निराश होऊ नका. उपचाराचे तीन भाग असतात: आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आठवणींवर काम, मग तुटलेलं जोडून रोजचं जगणं. पहिला भाग सगळ्यात लांब चालतो आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच चाललेलं दिसत नाही. भाचीचे पहिले सहा आठवडे यात गेले: शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवून गारवा जाणवतोय का बघायचं, खिशातलं लिंबू हुंगायचं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची, आजची तारीख आणि स्वतःचं वय म्हणायचं. माझी बहीण वैतागली, ‘लिंबू हुंगायला एवढी फी?’ सातव्या आठवड्यात झटका येतोय असं वाटल्यावर पोरीनं स्वतःच चपला काढून फरशीवर पाय टेकले. तो झटका चार मिनिटांत विरला.

किती काळ लागतो? नुसते फिटसारखे झटके असतील तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या पद्धतीच्या, बारा-एक बैठकांतही जगणं बरंच सावरू शकतं. ओळखच तुटलेली असेल, लहानपणापासूनचा आघात असेल, तर वर्षं लागतात. सुरुवातीला नेमकी तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

## टप्पा ६. घरच्यांनी करायचं ते

झटका आला की सगळी गल्ली गोळा होते. ती होऊ द्यायची नाही. एक माणूस जवळ, बाकीचे बाहेर. आवाज खाली. भानावर आल्यावर पाणी द्यायचं आणि जे काम चाललं होतं तिकडं सावकाश परतायचं. ना लाड, ना बोलणी. ‘परत नाटक सुरू’ हे वाक्य घरातून कायमचं काढा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ‘लग्न लावून दिलं की बरी होईल’. नवं घर, नवी माणसं, लपवलेला आजार, आणि मध्येच तुटलेली थेरपी. याहून मोठा ताण मला सांगता येणार नाही. लग्न थांबवायला जमत नसेल तर निदान पुढं ढकला आणि ढकलण्याचं कारण म्हणून परीक्षा सांगा, शेतीचं सांगा, काहीही सांगा.

त्रास देणारं माणूस घरातच असेल तर तिथं राहून थेरपी पुढं सरकत नाही. स्त्रियांसाठी १८१, लेकरांसाठी १०९८, तातडीला ११२. थेरपिस्टला हे पहिल्याच बैठकीत सांगायचं, चौथ्या महिन्यात नव्हे.

थांबू नका: जीव द्यायची भाषा, स्वतःला कापून घेणं, फवारणीचं औषध हाताळणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या सेशनची वाट बघायची नाही. औषधाच्या बाटल्या घराबाहेर कुलपात, माणूस एकटं सोडायचं नाही, १४४१६ लावायचा आणि थेट रुग्णालय गाठायचं.

## टप्पा ७. तीन महिन्यांनी वही उघडा

पुन्हा पंधरा दिवस पहिल्यासारख्या नोंदी करा आणि जुन्या नोंदींशेजारी ठेवा. झटक्यांची संख्या कमी नसली तरी ते आखूड झाले का, आधी चाहूल लागते का, हरवलेले तास कमी झाले का, कॉलेज किंवा काम किती दिवस झालं, हे बघा. यातलं एकही हललं नसेल तर थेरपिस्टला वही दाखवून सरळ विचारा. सुरुवातीला थोडा त्रास वाढू शकतो. पण प्रत्येक सेशननंतर दोन दिवस अंथरूण धरावं लागत असेल, तर वेग जास्त आहे.

बदलायचं ठरलं तर न सांगता गायब होऊ नका. एक निरोपाची बैठक घ्या आणि पुढच्यासाठी एक पान लिहून मागा: निदान, आतापर्यंत काय केलं, काय उपयोगी पडलं, काय उघडायचं राहिलं. रुग्णालयातली आपली कागदपत्रं मागण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. ते पान नसलं की नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारतो, आणि तीच गोष्ट चौथ्यांदा सांगण्यातच बरेच जण थकून सोडून देतात.

थेरपिस्टनं विचारू नका असं सांगितलेलं असेल तर घरच्यांनी ‘आज काय बोललीस?’ विचारू नये. हॉर्नचं काय ते भाचीनं नवव्या महिन्यात सांगितलं, थेरपिस्टला. मला अजून माहीत नाही. त्या दिवशी परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून केजपर्यंत झोपली, आणि मी तिची चप्पल सीटखाली सरकणार नाही एवढं बघत बसले.